रोमन कांस्यनाणीं व त्यांवरील देवचिन्हें

(धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त छत्रपती संभाजीनगर येथें दिलेलें व्याख्यान)



जुबिलीच्या व्याख्यानास संतचरित्र किंवा मिशनचा इतिहास असा विषय घेण्याची वहिवाट आहे. आम्हीं तांब्याकांशाच्या जुन्या नाण्यांवर बोलण्याची परवानगी मागितली, तेव्हां मंडळींतील एका सद्गृहस्थांनीं हंसून विचारिलें, "सर, वर्गणी मागण्याची ही नवी तऱ्हा तर नव्हे?" तसें कांहीं नाहीं. दानपेटी दाराशीं आहे, ती आपलें काम करीलच. आमचा हेतु निराळा आहे, व तो सांगण्यासाठीं आम्हांस आमच्या आजीपासून प्रारंभ केला पाहिजे.

आमची आजी वैजापूर तालुक्यांतील एका खेड्यांत राहत असे. तिच्या आईनें छप्पन्नाच्या दुष्काळानंतर, म्हणजे इ. स. १८९९-१९०० च्या त्या भयंकर सालानंतर, स्नानसंस्कार घेतला होता. आजीच्या गळ्यांत एक काळा दोरा असे, आणि त्यांत दोन वस्तु ओवलेल्या असत : पवित्र मरियेचें पितळी मेडल, आणि एक भोकाचा पैसा. हा पैसा आपणांपैकीं वृद्ध मंडळींनीं पाहिला असेल. दुसऱ्या महायुद्धांत धातूची टंचाई झाली, तेव्हां इंग्रज सरकारनें मधोमध भोक असलेला कांशाचा पैसा काढिला. १९४३ पासून १९४७ पर्यंत तो पाडला गेला. आमच्या मुलुखांत त्या काळीं निजामाचा हाली शिक्का चाले, परंतु रेल्वेच्या वाटेनें कलदारहि गांवोगांव शिरला होता. मुलांच्या करदोट्यांत आणि बायकांच्या दोऱ्यांत असे पैसे बांधलेले आम्हीं लहानपणीं पुष्कळ पाहिले. कोणी म्हणे त्यानें दृष्ट लागत नाहीं, कोणी म्हणे तांबें अंगास चांगलें. आजी कांहींच म्हणत नसे.

१९६८ सालीं आजी वारली. तिला पेटींत ठेविलें, तेव्हां गांवांत धर्मशिक्षण देणारे वृद्ध मास्तर पुढें झाले आणि म्हणाले, "मेडल राहूं द्या, पैसा काढा. तो जुन्या देवांचा आहे." आमच्या वडिलांस तें फार लागलें. त्यांनीं जन्मभर एक टोमणा सोसला होता : तुम्ही धान्यासाठीं बाटलेले, वरून ख्रिस्ती आणि आंतून तेच. आपल्या आईच्या प्रेताशीं उभा राहून घरचाच माणूस तेंच बोलतो आहे, असें त्यांस वाटलें. थोडी बोलाचाली झाली. शेवटीं दोरा कापून पैसा काढण्यांत आला, व तो आमच्या हातीं पडला. आम्ही त्या वेळीं बारा वर्षांचे होतों. घरामागें जाऊन आम्ही त्या पैशावर जुना देव शोधूं लागलों. देव कोठेंच नव्हता. एक मुकुट तेवढा होता. तेव्हांपासून, नाण्यावर असतें तें कोणाचें, आणि नाणें हातीं धरणाऱ्याचा त्याच्याशीं संबंध किती, हा प्रश्न आमच्या डोक्यांतून गेलेला नाहीं.

हा प्रश्न शुभवर्तमानांतहि आहे. कैसरास कर द्यावा कीं नाहीं, असें विचारणाऱ्यांस प्रभूनें नाणें दाखविण्यास सांगितलें, आणि त्यावरील चेहरा व लेख कोणाचा, असें विचारिलें. तें नाणें चांदीचें दिनार होतें. मजुराची एका दिवसाची मजुरी. पण त्याच अध्यायाच्या शेवटीं संत मार्क दुसऱ्या एका नाण्याची हकीकत सांगतात, आणि आमचें मन तेथें अधिक रमतें. मंदिराच्या भांडारांत श्रीमंत लोक पुष्कळ टाकीत असतां एक दरिद्री विधवा आली व तिनें दोन लेप्टा टाकलीं. लेप्टॉन म्हणजे अगदीं बारीक, पातळ नाणें. आपल्या सर्व वाचकांस तें कळणार नाहीं असें वाटून संत मार्कांनीं लगेच रोमन नाण्याच्या नांवानें खुलासा केला, कीं दोन लेप्टा म्हणजे एक क्वाद्रान्स. मराठी भाषांतरकारांनीं येथें दमडी हा शब्द योजिला, तो आम्हांस फार समर्पक वाटतो. चार क्वाद्रान्सांचा एक अस, आणि सोळा असांचें एक दिनार. म्हणजे त्या बाईचें दान एका दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा हिस्सा झालें. चिमण्यांचा भावहि ह्याच हिशेबांतला आहे. संत मत्तय दोन चिमण्यांस एक अस सांगतात, आणि संत लूक पांच चिमण्यांस दोन. म्हणजे चार घेणाऱ्यास पांचवी फुकट. बाजार सगळीकडे सारखाच.

रोमन लोक हीं हलकीं नाणीं कधीं नुसत्या तांब्याचीं, कधीं कथील घातलेल्या कांशाचीं, आणि कधीं जस्त घातलेल्या पितळेचीं पाडीत. संग्राहक त्या सर्वांस सरसकट कांस्यनाणीं म्हणतात. आम्हीहि तसेंच म्हणूं. सोन्याचांदीचें नाणें सावकाराच्या थैलींत राही. कांस्यनाणें भाकरी घेणाऱ्याच्या आणि मासे विकणारीच्या हातांतून फिरे. म्हणून सत्ताधीशांस जें सर्वांच्या मनावर ठसवावयाचें असे, तें ते ह्या नाण्यांवर ठसवीत.

विधवेच्या त्या दोन नाण्यांवर काय होतें? यहूद्यांचा राजा यान्नाय यानें ख्रिस्तापूर्वीं पहिल्या शतकाच्या आरंभीं पाडलेलीं, एका बाजूस नांगर व दुसऱ्या बाजूस तारा असलेलीं बारीक नाणीं यरुशलेमांत पुढें बराच काळ चालत होतीं. तिचीं नाणीं बहुधा त्यांतलींच असावींत. यहूदी राजे मूर्तिनिषेध पाळून माणसाचें किंवा देवाचें चित्र नाण्यावर सहसा घालीत नसत. रोमन सुभेदारांनींहि तेथें बहुतेक खजुराचें झाड, धान्याचीं कणसें अशींच चिन्हें ठेविलीं. ह्या रीतीस अपवाद केला तो पंतय पिलातानें. त्यानें इ. स. २९ ते ३१ च्या सुमारास पाडलेलीं कांस्यनाणीं आज शेंकड्यांनीं उपलब्ध आहेत. वजन अवघें दोन ग्रॅमच्या आसपास. एका प्रकारावर रोमन यज्ञांत मद्य ओतण्याची पळी आहे. दुसऱ्या प्रकारावर शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची, टोंकाशीं वळलेली काठी आहे. तो दंड दिसण्यांत आपल्या महागुरुस्वामींच्या दंडासारखा आहे, म्हणून चित्र पाहतांना कोणाचा घोटाळा होऊं नये. सम्राटाचा चेहरा मात्र पिलातानेंहि घातला नाहीं. तेवढी भीति त्यास असावी. प्रभूला क्रूसावर देण्याचा हुकूम ज्या हातानें झाला, त्याच हाताच्या अधिकारानें पाडलेल्या ह्या दमड्या यरुशलेमच्या बाजारांत रोज मोजल्या जात होत्या. एखादी भक्त बाई ती पळी आणि तो दंड मुठींत धरून मंदिराची पायरी चढली असेल, आणि आपण काय धरिलें आहे हें तिला कळलेंहि नसेल.

त्याहून नवलाची गोष्ट मंदिराच्या कराची आहे. तो सोर नगरीच्या चांदीच्या शेकेलांनीं भरावा लागे, कारण त्यांतील चांदी शुद्ध होती. आणि त्या शेकेलावर दर्शनी बाजूस सोरच्या मेलकार्त देवाचें डोकें, व मागें गरुड असे. म्हणजे मूर्ति वर्ज्य मानणाऱ्या मंदिराच्या तिजोरींत एका परक्या देवाचीं डोकीं वर्षानुवर्षें सांचत होतीं. पुरोहितांनीं चांदीकडे पाहिलें, देवाकडे काणाडोळा केला. आम्ही त्यांस हंसत नाहीं.

खुद्द रोममध्यें असला संकोच नव्हता. त्यांच्या प्राचीन असावर दोन तोंडांचा जेनस देव आणि मागें गलबताची नाळ असे. टांकसाळ जूनो मोनेता ह्या देवीच्या देवळाशीं होती, आणि इंग्रजींतील मनी व मिंट हे दोन्ही शब्द त्या मोनेतेपासूनच आले. पुढें सम्राट झाले, तेव्हां मेलेल्या सम्राटास देव ठरवून त्याची वेदी कांस्यनाण्यावर आली. यरुशलेमचा इ. स. ७० मध्यें विध्वंस झाल्यावर व्हेस्पेशियनानें मोठीं नाणीं पाडलीं. त्यांवर खजुराच्या झाडाखालीं शोक करीत बसलेली यहूदी स्त्री आहे, आणि वर लेख आहे, यहूदिया जिंकली. ज्या खजुराच्या झाडास तें राष्ट्र आपलें मानी, तेंच झाड तिच्या अपमानास उभें केलेलें.

आपणांस कदाचित् ठाऊक नसेल कीं विश्वास आणि आशा ह्या रोमन कांस्यनाण्यांवर स्त्रीरूपानें येत. क्लॉडियसाच्या पितळी नाण्यावर आशादेवी, एका हातांत फूल आणि दुसऱ्या हातानें वस्त्राचा घोळ उचलून, पुढें पाऊल टाकीत आहे. ती आशा राजघराण्यास वारस मिळाल्याची, स्वर्गाची नव्हे. विश्वास म्हणजे सैन्याची इमानदारी. भक्तिदेवी मात्र हात उंचावून प्रार्थना करितांना दिसते, आणि रोमच्या भुयारी स्मशानांत आद्य ख्रिस्ती लोकांनीं रंगविलेल्या प्रार्थनामूर्तींचे हात अगदीं तसेच आहेत. शब्द जुने, हावभाव जुने, अर्थ नवा भरला.

एक उदाहरण याच्या उलट दिशेचें आहे. आशिया मायनरमधील अपामिया नगरानें, तेथें सेप्टिमियस सेव्हेरसाचें राज्य असतां, व पुढें तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत अधूनमधून, एक कांस्यनाणें पाडलें. त्यावर पाण्यावर तरंगणारी पेटी आहे, आंत एक पुरुष व एक स्त्री, वर डहाळी घेऊन येणारा पक्षी, आणि पेटीवर ग्रीक अक्षरांत नोहाचें नांव. दर्शनी बाजूस मूर्तिपूजक सम्राट, मागें पवित्र शास्त्रांतील तारू. त्या नगरास पेटी ह्या अर्थाचें उपनांव होतें, आणि तेथें यहूदी वस्ती होती. शेजाऱ्याची कथा नगरानें आपली म्हणून घेतली.

ह्या सर्वांचा आपल्या गोदाकांठाशीं संबंध काय, असें कोणीहि विचारील. येथून सुमारें पन्नास किलोमीटरवर पैठण आहे, सातवाहनांचें प्रतिष्ठान. पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या पेरिप्लस नामक समुद्रमार्गाच्या पुस्तकांत, भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, असा उल्लेख आहे. पैठणहून अकीकासारखे दगड जात, तेरहून कापड जाई. बदल्यांत भडोचास रोमचीं सोन्याचांदीचीं नाणीं नफ्यानें खपत. कांस्यनाणें येत नसे, आणि त्याचें कारण कोणत्याहि दुकानदारास समजेल. सोनें कोठेंहि वजनावर चालतें. दमडी जेथें पाडली तेथेंच चालते; तिच्यावरील देवाचा अंमल वेशीबाहेर नाहीं.

तरीपण चित्रें आलींच. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडन याची लहानशी कांस्यमूर्ति सांपडली. ती तेथील टाउन हॉल संग्रहालयांत आहे. आणि तेर येथें, तसेंच तेलंगणांतील कोंडापूर येथें, रोमन नाण्यांवरून ठसा घेतलेलीं मातीचीं पदकें मिळालीं आहेत. कोंडापूरच्या पदकांवर टायबेरियस आहे, म्हणजे विधवेच्या काळचाच कैसर. अशा पदकांस दोरा ओवण्यासाठीं भोक किंवा कडी असे. आमच्याच मुलुखांतील कोणी बाई दोन हजार वर्षांपूर्वीं कैसराचें मातीचें तोंड गळ्यांत घालून पाण्यास जात होती. तिनें कैसराची पूजा केली असें कोणी म्हणेल काय? तिला तें गोल, परदेशी, शोभिवंत वाटलें, एवढेंच.

हीच गोष्ट पुतळ्यांच्या माळेची. पुतळी हें नांव आपल्याकडे ज्या नाण्यास पडलें, तें मुळांत व्हेनिसचें सोन्याचें डुकट. त्यावर संत मार्क गुडघे टेकलेल्या राज्यप्रमुखाच्या हातीं ध्वज देतात, आणि मागील बाजूस ताऱ्यांच्या वलयांत प्रभु ख्रिस्त उभा आहे. मराठी घरांतल्या सुवासिनींनीं तें हौसेनें गळ्यांत घातलें, आणि पुढें आपल्या सोनारांनीं त्याच आकाराच्या पुतळ्या करून त्यांवर आपल्या ओळखीच्या देवता आणिल्या. ज्या घरांत पुतळ्या परवडत नव्हत्या, तेथें भोकाचा पैसा होता.

ह्याच भूमींतील आणखी एक नाणें आम्हांस येथें आठवतें. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं सुमारें १३,२५० चांदीच्या नाण्यांचा सांठा मिळाला. नाणीं नहपान क्षत्रपाचीं. दर्शनी बाजूस त्याचें डोकें, सभोंवार ग्रीक अक्षरें. गौतमीपुत्र सातकर्णीनें त्याचा पाडाव केल्यावर यांतील नऊ हजारांहून अधिक नाणीं आटविलीं नाहींत. तशींच घेऊन त्यांवर आपला छाप मारिला : तीन कमानींचा डोंगर, खालीं नागमोडी रेघ, आणि मागें उज्जैन चिन्ह. कित्येकांवर त्या डोंगराआडून नहपानाचें नाक अजून डोकावतें. तरी बाजारांत तें नाणें गौतमीपुत्राचेंच. कोणी व्यापाऱ्यानें तें खोटें म्हणून परत केलें नसेल.

आतां कॉन्स्टन्टाइनाकडे वळूं, कारण आमच्या मास्तरांचा आवडता धडा तो होता. त्यानें आकाशांत क्रूस पाहिला, ३१२ मध्यें मिल्व्हियन पुलाशीं जय मिळविला, आणि एका दिवसांत रोम ख्रिस्ती झालें, असें आम्ही त्यांच्याकडून शिकलों. कांस्यनाणीं पाहतां तो दिवस फार लांबला. त्या विजयानंतर ३१८ च्या सुमारापर्यंत त्याच्या असंख्य कांस्यनाण्यांवर किरणांचा मुकुट घातलेला सूर्यदेव आहे, आणि त्यास सम्राटाचा अजिंक्य सोबती म्हटलें आहे. मग सूर्य हळूच निघून जातो, पण लगेच क्रूस येत नाहीं. नवसाच्या वेद्या, छावणीचे दरवाजे, विजयदेवता येतात. कोठें एखाद्या कोपऱ्यांत टांकसाळीच्या खुणेंत बारीकसें ख्रिस्तचिन्ह आढळतें. ३२७ मध्यें नव्या कॉन्स्टन्टिनोपल शहरीं पाडलेल्या एका कांस्यनाण्यावर ख्रिस्ताच्या नांवाचीं दोन अक्षरें मिरविणारा ध्वज सर्पास भोसकतांना प्रथम स्पष्ट दिसतो, आणि तें नाणें दुर्मिळ आहे. ३३७ मध्यें मरतेसमयीं सम्राटानें स्नानसंस्कार घेतला. त्यानंतर त्याच्या ख्रिस्ती पुत्रांनीं बापाच्या स्मरणार्थ जें नाणें काढिलें, त्यावर तो चार घोड्यांच्या रथांतून वर जातो, आणि आकाशांतून एक हात त्यास घेण्यास खालीं आलेला आहे. रथ जुन्या देवांचा, हात आपल्या परमेश्वराचा, आणि लेखांत पदवी जुनीच : देव झालेला कॉन्स्टन्टाइन!

ख्रिस्ताच्या नांवाचीं अक्षरें आदि व अंत ह्या अर्थाच्या आल्फा-ओमेगासह संपूर्ण बाजू व्यापून आलीं, तीं ३५३ च्या सुमारास मॅग्नेन्शियसाच्या कांस्यनाण्यावर. तो बंडखोर होता. गादीसाठीं रक्त सांडून आलेला, आणि त्याच वर्षीं आत्महत्या करून मेलेला. नाण्यावरील चिन्ह भव्य आहे, माणूस तसा नव्हता. क्रूस सत्तेच्या हातीं गेला कीं तोहि पिलाताच्या दंडासारखा वापरतां येतो, हें आपण ख्रिस्ती लोकांनींच मोकळेपणानें म्हटलें पाहिजे.

चौथ्या शतकाच्या अखेरची एक चिमुकली दमडी आम्हांस सर्वांत प्रिय आहे. वजन ग्रॅमभर. त्यावर पंखवाली विजयदेवता एका कैद्यास ओढून नेत आहे, आणि तिच्यापुढें कोऱ्या जागेंत ख्रिस्ताचीं तींच दोन अक्षरें आहेत. देवता गेलेली नाहीं, प्रभु आलेला आहे, आणि दोघांस एका नखाएवढ्या जागेंत राहावें लागत आहे. पुढें जस्टिन पहिला, म्हणजे इ. स. ५१८ ते ५२७, याच्या सोन्याच्या नाण्यावर त्या पंखवालीच्या जागीं हातांत क्रूस घेतलेला देवदूत उभा राहिला. दोनशें वर्षें लागलीं. ह्या उत्तरकाळच्या कांस्यनाण्यांनीं मात्र समुद्र ओलांडला. तमिळनाडूंत करूर व मदुरेच्या बाजूस आणि श्रीलंकेंत तीं मोठ्या संख्येनें सांपडतात. श्रीलंकेंत तर तीं चालून चालून पुरेनाशीं झालीं, तेव्हां लोकांनीं तशींच आपलीं पाडलीं.

आतां पुन्हां आजीच्या पैशाकडे. पुढें शिक्षकी करूं लागल्यावर आम्हीं एक चांगलें भिंग विकत घेतलें आणि पहिल्याप्रथम त्याखालीं तो पैसा ठेविला. इंग्लंडच्या राजाचा मुकुट, झिजलेला. आणि मुकुटाच्या अगदीं शेंड्यावर, टांचणीच्या डोक्याएवढा, एक क्रूस. म्हणजे मास्तरांनीं जुन्या देवांचा म्हणून जो काढविला, त्यावर क्रूसच होता. आम्हांस प्रथम विजयाचा आनंद झाला. वडिलांस पत्र लिहावयास घेतलें. मग विचार केला, कीं हा क्रूस राजाच्या मुकुटाचा, आजीला तो दिसला नव्हता, आणि दिसला असता तरी तिनें त्यासाठीं पैसा बांधला नसता. पत्र अर्धेंच राहिलें.

त्यानंतर कांहीं वर्षांनीं मास्तर स्वतः आमच्या घरीं आले. थकले होते, दृष्टि अधू झाली होती. चहा झाल्यावर त्यांनीं विचारिलें, "आजीचा पैसा आहे का रे?" आम्हीं दिला. त्यांनीं तो पाहिला नाहीं, भोकांतून बोट फिरवीत बसले. मग म्हणाले, "माझ्या आईच्या गळ्यांतहि असाच होता. मास्तरकी मिळाली त्या दिवशीं मींच तो तोडून गोदावरींत टाकला. ती कांहीं बोलली नाहीं." भिंगाची गोष्ट आम्हीं त्यांस सांगितली नाहीं. निघतांना त्यांनीं पैसा आमच्या तळहातावर ठेवून मूठ मिटविली.

तो पैसा, त्याबरोबरचा दोरा, आणि कॉन्स्टन्टाइनाच्या सूर्यदेवाचें एक कांस्यनाणें आम्हीं आज येथें आणिलें आहे. तीं खिडकीजवळच्या मेजावर ठेविलीं आहेत, भिंगहि शेजारींच आहे. मुलांनीं अवश्य हातांत घेऊन पाहावीं. चिंच किंवा राख लावून कोणीं तीं घासूं मात्र नयेत. नाण्यावरील हिरवट काळी पुटें एकदां गेलीं, कीं खालचीं अक्षरेंहि त्यांच्याबरोबर जातात.